वृद्धाश्रमातला टाइमपास : तुमचे अनुभव लिहा

कुंदकळी
ऑफिसच्या ग्रुपवर काल मेसेज आला. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन, सगळ्यांनी मिळून एका वृद्धाश्रमात जायचं, गाणी-डान्स करायचा, फळं वाटायची, फोटो काढायचे. टी-शर्टचा रंगसुद्धा ठरलाय. मला एकदम आत्याच आठवली.

आत्या पुण्याबाहेरच्या एका आश्रमात राहायची. लग्न केलं नव्हतं, पेन्शन होती, कुणाला न विचारता स्वतःच जाऊन खोली बघून आली. सप्टेंबर संपत आला की फोनवर म्हणायची, "आता आमचा केळ्यांचा सीझन सुरू होईल बघ." १ ऑक्टोबर, दिवाळीच्या आधीचा आठवडा, शिवाय कुणाकुणाच्या मुलांचे वाढदिवस. एकाच दिवशी दोन-दोन, तीन-तीन पार्ट्या यायच्या, सगळ्यांच्या हातात केळी. नंतर कितीतरी दिवस कुणी फिरकायचं नाही.

तिची खरी करमणूक म्हणजे दुपारच्या जेवणानंतरचा मेंढीकोट. चौघींचा अड्डा, जोड्या ठरलेल्या. हरणाऱ्या जोडीने चहाबरोबरची बिस्किटं द्यायची. आत्याची पार्टनर रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, ऐकायला कमी यायचं, त्यामुळे "काय म्हणालात?" करत भुवया उडवायची सोय होती. दश्शी कुणाकडे आहे ते त्या भुवयांवरून कळतं असा समोरच्या जोडीचा कायमचा आरोप. मी गेले की मला शेजारी बसवायच्या, पण पत्ते द्यायच्या नाहीत. "तू आधी बघून शीक."

मधेच कार्यक्रमवाले आले की डाव मोडायचा, सगळ्यांना हॉलमध्ये खुर्च्यांवर बसवायचे. आत्या हातातली पानं तशीच पर्समध्ये घालून न्यायची. तासभर टाळ्या वाजवायच्या आणि परत येऊन तोच डाव पुढे.

तर ज्यांचं कुणी आश्रमात आहे किंवा होतं, जे तिथे काम करतात, किंवा स्वतः राहतात, त्यांनी लिहा ना. वेळ कसा जातो, काय चालतं, काय अजिबात चालत नाही. आणि ऑफिसला काय सांगू? टी-शर्ट पोपटी आहेत.

खवय्या
पहिला! पोपटी :हाहा:
बाकी सविस्तर नंतर, कुकर लावलाय.

झेलम
केळ्यांना +१००. आमच्या काकूंकडे १५ ऑगस्टला जिलबी यायची. निम्मे मधुमेहवाले. सिस्टर एका हाताने जिलबीचा डबा उचलायच्या, दुसऱ्या हातात शुगरचं मशीन. काकू पदराखाली दोन लपवून ठेवायच्या आणि रात्री पार्टनरला एक द्यायच्या. (पार्टनर म्हणजे रूम पार्टनर.)

निगुतीने
मी फिजिओ आहे, आठवड्यातून एकदा दोन आश्रमांत जाते. अनुभव बरेच आहेत, एकच लिहिते, पेशंट वाट बघतोय.

'व्यायाम' म्हटलं की निम्मी मंडळी झोपेचं सोंग घेतात. "हात वर करा" म्हटलं की खांदा दुखतो. मग मी खुर्च्या गोल मांडल्या आणि मधे एक साधा फुगा सोडला. नियम एकच, फुगा जमिनीला लागू द्यायचा नाही. एक आजोबा, ज्यांचा हात खांद्याच्या वर जातच नाही असं सगळे धरून चालले होते, त्यांनी डोक्यावरून हात नेऊन सणसणीत फटका मारला. वर शेजारच्यांना ओरडले, "अहो, तुमचा होता तो!" फुगा हळू येतो, त्यामुळे ज्यांची नजर आणि हात मंद झालेत त्यांनाही वेळ मिळतो. बॉलने हे होत नाही, बॉल लागेल या भीतीने अंग चोरतात.
फक्त फुगा फुटला की दचकतात, म्हणून फार टम्म फुगवायचा नाही.

सदाशिव_पेठी
एवढं सगळं करण्यापेक्षा आईवडिलांना घरी ठेवा की! पूर्वी कुठे होते वृद्धाश्रम? संस्कार कमी पडले की हे असले धागे काढावे लागतात.

झेलम
@सदाशिव_पेठी धाग्यात पहिल्याच परिच्छेदानंतर लिहिलंय की आत्या स्वतः गेली. वाचायला केळी खायची गरज नसते.

कुंदकळी
झेलम =)) जाऊ दे गं. ते प्रत्येक धाग्यावर येतात.

कलमवाला
थोडी माहिती, कारण इथे कामाची आहे. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा केंद्रीय कायदा आला. त्याच्या कलम १९ मध्ये, प्रत्येक जिल्ह्यात टप्प्याटप्प्याने निदान एक वृद्धाश्रम असावा, त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय व्हावी असं आहे. त्याच कलमात पुढे म्हटलंय की आश्रमांनी कोणत्या सेवा द्यायच्या याची योजना राज्य सरकार ठरवू शकतं, आणि त्यात औषधोपचाराच्या जोडीला रहिवाशांच्या करमणुकीची साधनंही मोजलीत. म्हणजे करमणूक हा उपकार नाही, कायद्यात लिहिलेली गोष्ट आहे.

खवय्या
म्हणजे कॅरमचा स्ट्रायकर हरवला तर कलेक्टरकडे जाता येईल?

कलमवाला
अर्ज दोन प्रतींत.

पिंगू
कराओके ग्रुपवाल्यांवर वेगळा धागा काढा कुणीतरी. आमच्या आजोबांच्या आश्रमात दर रविवारी एक ग्रुप यायचा. त्यांना प्रेक्षक हवा असतो आणि आजी-आजोबा पळून जाऊ शकत नाहीत. स्पीकर इतका मोठा की आजोबा कानातलं मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि शांतपणे मान डोलवायचे. गाणाऱ्यांना वाटायचं, काय रसिक माणूस आहे.

चाफेकळी_ठाणे
पिंगू, अगदी अगदी. आणि एक, ही मंडळी गेली की सरसकट अभंग नाहीतर नाट्यगीतं. अरे, आज जे ऐंशीच्या आसपास आहेत ते १९६० च्या दशकात कॉलेजात होते! माझ्या सासूबाईंना देवाची गाणी लावली की म्हणायच्या, "मी अजून गेले नाहीये." विविध भारती १९५७ ला सुरू झाली तेव्हा त्या शाळेत होत्या, सगळं तारुण्य ट्रान्झिस्टरवर गेलेलं. त्यांना हवी असायची रॉक अँड रोल ढंगाची हिंदी गाणी. वॉकर धरून ठेका धरायच्या. कुणाला काय आवडतं ते आधी विचारायला काय जातं?

कुंदकळी, तुझ्या ऑफिसला हे नक्की सांग. विचारा म्हणावं.

बिलायती_काकू
नमस्कार, मी इंग्लंडमध्ये एका केअर होममध्ये काम करते. चाफेकळी म्हणतेय ते इथेही तसंच. बरीच वर्षं इथे गाण्यांच्या कार्यक्रमात युद्धकाळातलीच गाणी म्हणायचे. आताचे ऐंशीचे लोक युद्ध संपत आलं तेव्हा तान्ही बाळं होते, त्यांना त्यांच्या विशीतली पॉप गाणी हवीत. इथे ॲक्टिव्हिटीजसाठी वेगळा माणूस नेमतात. बिंगो, केशकर्तनवाली येते तो दिवस (सगळ्यात जास्त गर्दी याला), खुर्चीतले व्यायाम, कधी कुत्रा घेऊन स्वयंसेवक येतात.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. आमच्याकडे एक मराठी आजोबा आले. डिमेन्शिया. उभं आयुष्य इथे नोकरी केलेली, पण नंतर शिकलेली इंग्रजी आधी गेली, मराठी उरली. बाकी स्टाफला वाटायचं ते काहीतरी असंबद्ध बडबडतात, चिडतात. मी सुट्टीवरून आले तर जेवणाच्या टेबलावर हात आपटून म्हणत होते, "हुकूम बोला! हुकूम बोला!" पेपर नॅपकिन चौघांसमोर वाटून ठेवलेले. मी बसले आणि म्हटलं, "आजोबा, इस्पिक." एकदम शांत झाले, एक नॅपकिन टाकला आणि मला म्हणाले, "उशीर केलात."
त्यानंतर खरे पत्ते आणले. नियम आता त्यांना आठवत नाहीत, पिसणं आणि वाटणं मात्र हाताला पाठ आहे. मी जिंकले की मात्र बरोब्बर कळतं.

कुंदकळी
बिलायती_काकू... बसमध्ये वाचतेय, शेजारच्या बाई बघतायत माझ्याकडे.

निगुतीने
काकू, हे हाताला पाठ असणं मीही पाहिलंय. आमच्याकडच्या एक आजी मुलीला ओळखत नाहीत, पण मेथीची जुडी दिली की पानं खुडून काड्या वेगळ्या.

मटकी_उसळ
निगुतीने, आमच्या इथे एक ताई मुद्दाम मूग आणि मटकी एकत्र करून निवडायला द्यायच्या. निवडून झालं की आत जाऊन परत मिसळायच्या. मला ते बघवायचं नाही.

निगुतीने
नाही हो, तसं नकोच. आजी विसरत असल्या तरी बावळट नसतात. खरंच संध्याकाळच्या भाजीत पडणारी मेथी द्यावी. पण बहुतेक ठिकाणी 'स्वयंपाकघरात प्रवेश बंद'. ज्या बायकांनी पन्नास वर्षं पंगती उठवल्या त्यांना लसूण सोलायला बंदी, आणि मग क्राफ्टच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्या चिकटवा.

खवय्या
लसूण सोलायला मी येतो का विचारा. बायको रोज देते, करमणूक अजून वाटली नाही.

गोंयकार_भाऊ
मडगावकडे या. आमच्याकडे हाउजी. मावशी नन्सच्या होममध्ये होती, ती हिंदू, शेजारीण ख्रिश्चन, दोघींचं एकमत फक्त हाउजीवर. तिकिटावर तीन ओळी, पंधरा आकडे, एक ते नव्वद. आकडे पुकारणारी सिस्टर हळू बोलायची म्हणून म्हाताऱ्यांनी तक्रार करून माणूस बदलून घेतला. आकडे मोठे छापलेली तिकिटं घ्या, आणि खोडायला पेन नको, चिंचोके ठेवा. पार्किन्सन्सवाल्यांना पेन धरवत नाही, चिंचोका सरकवता येतो. बक्षीस म्हणजे साबणाची वडी किंवा खोबरेल तेल. कामाची वस्तू असली की ईर्षा बघा.

रेवाखंड
भोंडला! आमच्या आईच्या आश्रमात नवरात्रात भोंडला होतो. पाटावर हत्ती काढून मधे ठेवतात, व्हीलचेअरवाल्या बाहेरच्या फेरीत, नाती-सुना त्यांना ढकलत फिरतात. गाणी बघून म्हणावी लागतात ती सुनांना, आज्यांना नाही. गेल्या वर्षी खिरापत ओळखायच्या वेळी डबा हलवला, कुणाला येईना. मागून एक आजी, "इसबगोल!" पाच मिनिटं हसणं थांबलं नाही. (करंज्या होत्या.)

झेलम
इसबगोल =)) =)) गेले मी

मटकी_उसळ
रेवाखंड, कुठला आश्रम? मासिक खर्च साधारण किती? आईसाठी बघतोय.

रेवाखंड
व्यनि (खासगी मेसेज) केलाय.

पिंगू
मलाही व्यनि प्लीज.

टेकाडे
आमच्या कॉलेजच्या एनएसएसने एक केलं होतं ते सुचवतो. नाच-गाणं काही नाही. हॉलमध्ये टेबल टाकून बसलो आणि पाटी लावली, 'मोबाईल दुरुस्त करून मिळेल.' रांग लागली! नव्वद टक्के लोकांचा एकच आजार, स्टोरेज फुल. सगळं गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलेलं. अक्षरं मोठी करून दिली, नातवंडांचे नंबर फोटोसकट पहिल्या पानावर आणले. पुसण्याआधी मात्र प्रत्येक फोटो दाखवून विचारायचं, हा ठेवू का. त्यात दुपार जाते आणि तेव्हाच गप्पा होतात. एका आजींनी माझ्या बहिणीचं लग्न जवळजवळ ठरवलं.

चाफेकळी_ठाणे
टेकाडे, झालं का मग?

टेकाडे
मुलगा कॅनडाला निघाला. बहीण नाही म्हणाली.

कुंदकळी
टेकाडे, मोबाईलचं टेबल बेस्ट आहे. आत्ताच बॉसला पाठवलं. म्हणतायत, "पण मग डान्सचं काय?"

सांगलीचे_दादा
मी वय ८१ आश्रमात राहतो बोलून टाईप करतो चुका समजून घ्या

सगळे वाचले बरे वाटले. कार्यक्रम वाईट नसतात मुले चांगली असतात पण आम्हाला टाळ्या वाजवायला लावू नका आणि किती क्यूट म्हणू नका मी पस्तीस वर्षे साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होतो. सकाळ पेपरात जाते. पेपर एक आणि शब्दकोडे सोडवणारे आम्ही सहा जण. भांडणे इतकी की मॅनेजर साहेबांनी आता कोड्याची मोठी झेरॉक्स काढून प्रत्येकाला एक द्यायला सुरुवात केली. आता उत्तरे चोरण्यावरून भांडतो. अवघड वेळ संध्याकाळची चार ते सात. तेव्हा कुणी येत नाही कार्यक्रम सगळे सकाळी अकराला कारण पाहुण्यांना जेवायला घरी जायचे असते. यायचे तर चार वाजता या. केळी आणलीत तरी चालतील

झेलम
दादा, साष्टांग नमस्कार. चार ते सात, नोंद घेतली.

कुंदकळी
दादा, खूप धन्यवाद. वेळ बदलून चार करायला सांगतेच. मोठ्या आकड्यांचे पत्ते कुठे मिळतील कुणाला माहीत आहे का? हाउजीची तिकिटंही लागतील.

गोंयकार_भाऊ
पत्ते ऑनलाइन मिळतात, 'लार्ज प्रिंट' म्हणून शोधा. तिकिटं ऑफिसच्या प्रिंटरवर मोठी छापा, फुकटात.

सदाशिव_पेठी
@सांगलीचे_दादा कोणता कारखाना? माझे मेहुणे त्याच लाइनला होते.

सांगलीचे_दादा
व्यनि करतो. तुम्ही बुद्धिबळ खेळता का इथे जो खेळायचा तो गेल्या महिन्यात मुलाकडे राहायला गेला

सदाशिव_पेठी
खेळतो. बरा खेळतो. मोबाईलवर लावू डाव, पांढरी तुम्ही घ्या.

सांगलीचे_दादा
चालेल पण सातच्या आत. सातनंतर रिमोट माझ्याकडे असतो तो सोडून मला उठता येत नाही