नकाशा बाजूला ठेवून भटकणं हाच ओपन वर्ल्डचा, म्हणजे मोठ्या जगात हवं तिकडे फिरू देणाऱ्या व्हिडिओ गेमचा, खरा खेळ. पटतंय का?

कातळवाट
राजापूरकडच्या आमच्या गावात आषाढ लागला की संध्याकाळी घराबाहेर पडणं होत नाही. महिनाभर ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (2017) खेळतोय आणि कथा जिथे सोडली तिथेच आहे. परवा एका कड्यावर निम्म्यात असताना पाऊस आला. या खेळात पावसात कडा निसरडा होतो, चार हात चढलं की घसरून खाली. कपारीत थांबलो. विजा कडाडायला लागल्या, पाठीवरच्या तलवारीतून ठिणग्या उडाल्या. अंगावर धातू असला की वीज त्यावरच पडते. तलवार काढली आणि उघडीप होईपर्यंत दरीकडे बघत बसलो. मिळालं काहीच नाही. पण ती कपार आता मला आमच्या पाणंदीइतकी ओळखीची आहे.

मिशन, म्हणजे खेळाने दिलेलं काम, हे निमित्त; भटकणं हाच खेळ. त्याला वेळ फुकट घालवणं म्हणतात ते मला मान्य नाही.

बंदरावरचो
तुझा म्हणणा माका पटला नाय. खेळात वाट चुकणं खरं नसतंच. ती कपार कुणीतरी आखून ठेवलेली आहे. त्याच झेल्डात कोरोक नावाची छोटी वनभुतं जागोजागी लपवलीत, सापडली की बी देतात; अशा 900 बिया. तू सहज दगड उचलतोस, खाली कोरोक निघतो. ते आमिष आहे.

‘विचर 3’ या गेममधली स्केलिगे बेटं आठव. नकाशावर समुद्रभर प्रश्नचिन्हं. होडी हाकत एकेकापाशी जायचं, बुडी मारायची, वर काय तर पुन्हा चोरट्या मालाची पेटी. दोन रविवार घालवले आणि वैतागून सोडलं. त्याच खेळातल्या ब्लडी बॅरन या सरदाराची गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. मी कामावरून घरी पोचतो आठला. हातात तासभर असतो. तो मला कुणीतरी मन लावून रचलेल्या गोष्टीत घालवायचा आहे.

कातळवाट
दादा, स्केलिगेत तुम्ही भटकत नव्हता, नकाशावरची चिन्हं पुसत होता. वाण्याची यादी घेऊन बाजारात जाण्यासारखं झालं ते. झेल्डात सामानाची जागा पूर्ण वाढवायला 441 बिया पुरतात. बाकीच्या कशासाठी? कुणी कुठूनही गेला तरी वाटेत काहीतरी भेटावं म्हणून.

आणि आखलेलं म्हणजे खोटं का? आमच्याकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती एवढा मोठा, की त्याच्यावर उभं राहिलं तर पायाखाली नुसत्या रेघा दिसतात. बाजूने फिरत गेलं की हळूहळू सोंड कळते, पाय कळतात, मग पोटात कोरलेले बारके प्राणी दिसायला लागतात. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी मुद्दाम कोरलेलंच ते. म्हणून मला ती सोंड सापडली तेव्हाचा आनंद खोटा ठरतो का?

गडग्यापलीकडे
मग दारात एवढा सडा असताना पडद्यावर कशाला भटकायचं? पाऊस उघडला की चपला घाल आणि नीघ. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

आगरातली
याचं उत्तर मला देऊ द्या. मी वेंगुर्ल्यात वाढले. भाऊ सायकल काढून दिवेलागणीपर्यंत कुठेही जायचा. मला मात्र कुठे, कशाला, कुणाबरोबर, हे सांगितल्याशिवाय बेड्याबाहेर, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेर, पाऊल टाकता यायचं नाही. आणि ‘असंच’ हे उत्तर घरात कधीच चाललं नाही. पस्तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा ‘असंच’ निघाले ती ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या गेममध्ये. पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतातून घोडा चालवायचा, बस. सोनेरी पक्षी येतो, माझ्या मागून या म्हणून पुढे उडतो. मी कित्येकदा दुसरीकडेच वळते.

तेव्हा ‘चपला घाल आणि नीघ’ हे सगळ्यांना सारखं लागू नाही, भाऊ.

बंदरावरचो
ताई, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझा तास मी तरीही गोष्टीलाच देणार, आणि स्केलिगेबद्दल एक शब्द मागे घेणार नाही. त्सुशिमा घेऊन ठेवलाय, अजून लावला नाही. त्यात वारा वाट दाखवतो म्हणतात. तो बंद करता येतो?

आगरातली
बंद करायची गरजच नाही. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवलं की तो वारा सुटतो. मी सरकवत नाही.