नवी मांजर आणि घरचे दोन दादा: मदत हवी आहे

आमच्याकडे बंड्या (५ वर्षं) आणि चिंगी (३ वर्षं) ही दोन मांजरं, दोघांचीही नसबंदी झालेली. १२ दिवसांपूर्वी साधारण ८ महिन्यांची साय नावाची मांजर दत्तक आणली. तिला बेडरूममध्ये वेगळं ठेवलंय, एकमेकांच्या वासाची सवय व्हावी म्हणून अंथरुणाची फडकी अदलाबदल केली, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण दिलं. तोवर सगळं शांत. परवा दार उघडलं आणि चिंगी फिस्कारत थेट सायच्या अंगावर! बंड्या नुसता बघतो, आळशी मेला. कालपासून चिंगी सोफ्यावर शू करतेय. लिटर बॉक्स (शी-शूचे ट्रे) दोनच आहेत, तिघांना चार हवेत हे कळतं, पण वन बीएचकेत ठेवू कुठे? डॉक्टरांकडे तपासणीला नेणारच आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू की दाराला जाळी लावून नुसतं बघू देऊ? फेरोमोन डिफ्यूझरचा (मांजरांना शांत करणारा गंध हवेत सोडणारं प्लगचं यंत्र) कुणाला उपयोग झालाय का?