कुत्र्याचे पंजे: तुमचे अनुभव लिहा

आमची चिंगी दोन दिवस पुढचा उजवा पंजा चाटत होती. खरचटलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी ती तीन पायांवर लंगडत आली, तेव्हा बॅटरी घेऊन बसले. दोन बोटांच्या बेचकीत, केसांच्या आड टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र आणि भोवती लाल, ओलसर गाठ. डॉक्टरांनी भूल देऊन आतून गवताचं कुसळ काढलं. कुसळाची बारीक लव उलटी असते, म्हणून ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. पंजाची गादी (तळव्याचा जाड, मऊ भाग) वरून अगदी चांगली दिसत होती, याचंच मला अजून वाईट वाटतं. आता फिरून आलं की एकेक बेचकी बोटाने चाचपते. गोचीडही तिथेच दडून बसतात.

तुमचं काय चुकलं, काय जमलं, जरूर लिहा.

*

आमचं उन्हाने चुकलं. संध्याकाळी हवा गार झाली होती, म्हणून शेरूला डांबरी रस्त्यावर नेलं. डांबर दिवसभर तापलेलं असतं आणि हवेपेक्षा फार उशिरा निवतं, हे ध्यानातच आलं नाही. घरी आल्यावर बसल्या जागचा उठेना. दोन गाद्यांची कातडी फोड फुटावी तशी सुटली होती. गार पाणी ओतलं (बर्फ लावू नका) आणि तसंच डॉक्टरांकडे नेलं. आता निघायच्या आधी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवतो. मला सोसवलं नाही तर त्यालाही नाही.

*

काळ्या नखांची मला फार धास्ती होती, कारण आतली रक्ताची नस दिसत नाही. एकदा जरा जास्त कापलं गेलं, रक्त थांबेना, आणि पुढे वर्षभर आमचा कुत्रा कटर बघितला की पलंगाखाली. मग डॉक्टरांच्या सहायकाने दाखवलं: एकदम तुकडा उडवायचा नाही, पापुद्रा पापुद्रा काढायचा आणि दर वेळी कापलेली बाजू बघायची. मध्यभागी गडद, ओलसर ठिपका दिसायला लागला की थांबायचं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं. दर आठवड्याला थोडं थोडं काढत गेलं की नसही हळूहळू मागे सरते. फरशीवर चालताना टकटक ऐकू आली की नखं वाढली, एवढं ओळखता येतं.

*

आणि अंगठ्याचं नख विसरू नका! ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजतही नाही. आमच्याकडे आलेल्या म्हाताऱ्या कुत्रीचं वळून मांसात रुतलं होतं.

*

पांढरं कुत्रं असेल तर पंजांवरचा तांबूस रंग बघा. तो लाळेचा असतो, म्हणजे चाटणं बरेच दिवस चालू आहे. आम्ही त्याला सवय समजत होतो, कंटाळा समजत होतो. चारही पंजे, दर वर्षी त्याच ऋतूत, आणि बोटांत आंबूस वास. निघाली अ‍ॅलर्जी आणि तिच्यावर वाढलेली बुरशी. औषध चालू आहेच, पण रोज पंजे साध्या पाण्याने धुऊन बेचकीपर्यंत कोरडे करण्याने फरक पडला. ओलं ठेवायचं असेल तर न धुतलेलं बरं, असं आता माझं मत झालंय. आणि घरातलं कुठलंही मलम मनाने लावू नका, ते चाटलं जातंच. टी ट्री तेल तर कुत्र्यांना विषारी आहे.

*

पट्टीबद्दल. गादी चिरली म्हणून मी घट्ट पट्टी बांधली. सकाळी पट्टीबाहेर राहिलेली बोटं सुजून एकमेकांपासून लांब गेली होती. पट्टी बांधली तर दिवसातून दोनदा बोटांची टोकं बघा, हात लावून गार तर नाहीत ना ते पाहा. भिजली की लगेच बदला.

*

पंजा हातात देतच नाही, अशांसाठी: आम्ही कटर बाजूला ठेवून आधी महिनाभर फक्त स्पर्शाची सवय लावली. खांद्यापासून हात खाली नेत, पंजा क्षणभर धरून लगेच सोडायचा आणि खाऊ द्यायचा. त्याने ओढून घेतला की मी सोडायचे, धरून ठेवायचे नाही. पाचव्या आठवड्यात एक नख कापलं, फक्त एकच. काल मी जमिनीवर बसले तर तो आपणहून येऊन पंजा मांडीवर ठेवून बसला.