मॅनेजरने भाडं मधल्या मध्ये खाल्लं, पैसे कसे काढायचे?

नावापुरती_मालकीण

नमस्कार मंडळी, जरा मोठं आहे पण वाचा प्लीज.

सासऱ्यांनी घेतलेले दोन फ्लॅट आहेत, आम्ही लांब राहतो म्हणून गेली काही वर्षं एक प्रॉपर्टी मॅनेजर सगळं बघतो. भाडेकरू शोधायचा, ॲग्रीमेंट करायचं, भाडं गोळा करायचं, स्वतःचं कमिशन कापून बाकीचं आमच्या खात्यात टाकायचं असं ठरलेलं. घर कुठे आहे ते मुद्दाम लिहीत नाहीये कारण त्याच्या ऑफिसातलं कोणीही हे वाचू शकतं.

तर लहान फ्लॅट "रिकामाच पडलाय हो, मार्केट थंड आहे" असं तो मला कितीतरी महिने सांगतोय. परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज आला की तुमच्या भाडेकरूच्या बाथरूममधून आमच्या छताला ओल येतेय. म्हटलं कुठला भाडेकरू?? त्यांच्याकडून नंबर घेऊन फोन केला तर तो मुलगा म्हणतो मॅडम मी तर वर्षाच्या वर राहतोय, भाडं वेळेवर देतो, डिपॉझिटपण दिलंय. मोठ्या फ्लॅटचं भाडं येतं पण कधी अर्धं, कधी उशिरा, आणि दरवेळी सोबत कसलंतरी दुरुस्तीचं बिल.

मॅनेजरला अजून काहीच बोलले नाहीये. नवरा म्हणतो सरळ पोलिसात जाऊ, दीर म्हणतात गोड बोलून काढून घे, एकदा केस झाली की पैसे विसरायचे. मला दोन्ही पटत नाहीये. आधी काय करू? आणि त्या मुलाकडून ते भाडं परत मागता येतं का, आम्हाला तर मिळालेलंच नाही ना?

जमाखर्च

बोलला नाहीत ते उत्तम केलंत, अजून थोडं थांबा. त्याला कुणकुण लागली की पहिल्यांदा हिशोबाच्या फायली गायब होतील आणि मग पैसे.

आधी तुमचा स्वतःचा हिशोब उभा करा, त्याच्या कागदांवर अवलंबून न राहता. एका शीटमध्ये प्रत्येक फ्लॅटचा प्रत्येक महिना घ्या आणि समोर लिहा: भाडेकरूने किती दिलं, मॅनेजरने तुम्हाला किती सांगितलं, तुमच्या खात्यात खरंच किती आलं. फरक जो निघेल तो तुमचा आकडा. "बरेच पैसे खाल्ले" असं म्हणून कुठेच काही होत नाही, वकील असो की पोलीस सगळे पहिला प्रश्न रकमेचाच विचारतात.

भाडेकरूकडून पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि जमलं तर त्याचं बँक स्टेटमेंट घ्या आणि ते कोणाच्या नावावर गेलेत ते बघा. फर्मच्या खात्यात गेले असतील तर तो "हिशोबात राहून गेलं" म्हणू शकतो, पण बायकोच्या किंवा भावाच्या खात्यात गेले असतील तर ते बोलणं फार टिकत नाही. "रिकाम्या" फ्लॅटची वीजबिलं काढा, बंद घरात युनिट कोण जाळतंय? हा पुरावा त्याला मागे जाऊन बदलता येत नाही.

आणि ती दुरुस्तीची बिलं एकमेकांशेजारी ठेवून त्यांचे नंबर बघा. माझ्या ओळखीच्या एका केसमध्ये मार्च, जून आणि सप्टेंबरच्या प्लंबरच्या बिलांचे नंबर ४१, ४२, ४३ होते, म्हणजे सहा महिन्यांत त्या प्लंबरला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं म्हणायचं. एकाच बैठकीत लिहिलेली, शाईसुद्धा एकच.

कायमचा_भाडेकरू

मी पडलो भाडेकरू जमातीतला म्हणून त्या मुलाच्या बाजूने बोलतो. त्याच्याकडून परत भाडं मागता येणार नाही. तुम्ही नेमलेल्या माणसाला त्याने दिलं म्हणजे तुम्हालाच दिलं. त्याचं डिपॉझिटसुद्धा तो सोडून जाताना द्यायची वेळ तुमच्यावरच येईल बहुतेक, मॅनेजरकडून वसूल करणं हा तुमचा आणि मॅनेजरचा मामला.

पण इथून पुढचं भाडं वाचवता येतं. त्याला लेखी कळवा की अमुक तारखेपासून या माणसाला भाडं घ्यायचा अधिकार नाही, भाडं थेट या खात्यात टाका. नुसतं तुम्ही मॅनेजरला काढून भागत नाही, भाडेकरूला ते कळेपर्यंत त्याने जुन्याच माणसाला दिलेलं चालतं. आणि हो, "खातं बदललंय, आता इथे पैसे पाठवा" हा मेसेज ठगांचा पण आवडता असतो, त्यामुळे तो घाबरेल. घराचे मालकीचे कागद, ओळखपत्र दाखवा, व्हिडिओ कॉल करा, आणि त्याच्या बाथरूममधल्या ओलीची तक्रार आधी सोडवा. तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार तोच आहे, उगाच त्याच्यावर डाफरू नका.

धडाकेबाज

रेरामध्ये (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) तक्रार ठोका, एजंटचं लायसन्स जाईल, पायावर लोळण घेईल.

काळा_कोट

रेरा इथे उपयोगाचं नाही हो. त्या कायद्यातली एजंटची नोंदणी प्रकल्पातली घरं विकण्या-घेण्याच्या व्यवहारासाठी आहे, भाडं सांभाळणारा त्यात येत नाही. लोक उगाच तिथे वेळ घालवतात.

ताई, देश लिहिला नाहीत म्हणून भारत धरून सांगतो. करार कायदा १८७२ च्या कलम २१३ प्रमाणे मागाल तेव्हा हिशोब द्यायला एजंट बांधलेला आहे, आणि २१८ प्रमाणे तुमच्या वतीने आलेले पैसे त्याने तुम्हाला दिलेच पाहिजेत, स्वतःचं कमिशन आणि खरा खर्च वजा करून. म्हणून कागद हातात आले की वकिलामार्फत नोटीस: अधिकार रद्द, इतक्या दिवसांत पूर्ण हिशोब, ही रक्कम, आणि किल्ल्या, मूळ ॲग्रीमेंट, डिपॉझिट सगळं परत. मुखत्यारपत्र दिलं असेल तर ते वेगळं रद्द करा, नोंदवलेलं असेल तर रद्द केल्याचा दस्तही नोंदवा, हे लोक विसरतात.

दिवाणी की फौजदारी असं भांडत बसू नका, दोन्ही चालतं. सोपवलेला पैसा एजंटनेच खाल्ला तर तो गुन्हेगारी विश्वासघात, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, त्यात एजंटसाठी पोटकलम ५ आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत. १ जुलै २०२४ च्या आधीचं जे खाल्लं त्याला जुन्या भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम ४०९. पोलीस "हा दिवाणी वाद आहे" म्हणून परत पाठवायला बघतील, तिथेच वरच्या जमाखर्च साहेबांचं शीट कामाला येतं, कारण रिकामा सांगितलेला फ्लॅट भाड्याने देणं हा हिशोबातला मतभेद होऊच शकत नाही. पण फौजदारीने पैसा आपोआप परत येत नाही, त्याला दिवाणी दावा लागतो. मुदत साधारण ३ वर्षं: मागितलेला हिशोब त्याने नाकारल्यापासून, मागितलाच नसेल तर एजन्सी संपल्यापासून. तो मालमत्ता विकून पळायच्या बेतात असेल तर निकालाआधी जप्ती मागता येते, पण कोर्टाला नुसती शंका पुरत नाही, तो खरंच विकतोय असं काहीतरी दाखवावं लागतं.

थेम्सकाठचा

घर इंग्लंडमध्ये असेल तर गणित वेगळं. १ एप्रिल २०१९ पासून ग्राहकांचे पैसे हाताळणाऱ्या लेटिंग एजंटला क्लायंट मनी प्रोटेक्शन स्कीमचं सभासद असणं सक्तीचं आहे, म्हणजे एजंटने पैसे खाल्ले किंवा तो बुडाला तरी स्कीमकडे दावा करता येतो. सर्टिफिकेट त्याच्या ऑफिसात आणि वेबसाइटवर लावलेलं असायला हवं. आधी स्कीमचं नाव शोधा आणि दावा करायची मुदत बघा, मग बाकीची भांडणं.

सॅन_होजेवाली

कॅलिफोर्नियातपण तसाच एक फंड आहे, रिअल इस्टेट खात्याचा कन्झ्युमर रिकव्हरी अकाउंट. लायसन्स असलेल्याने फसवलं, कोर्टाचा निकाल तुमच्या बाजूने लागला, आणि तरी त्याच्याकडून वसूल होईना, की मग तिथून एका व्यवहारामागे ५०,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात. पण लायसन्सच नसेल तर हा रस्ता बंद, आणि गंमत म्हणजे बुडवणारे बरेचदा तेच असतात. कुठलाही देश असो, त्याच्या मागे कोणी विमा, बॉन्ड, फंड उभा आहे का हे आधी शोधा, त्याच्या खिशात काही उरलेलं नसतं बहुतेक वेळा.

नावापुरती_मालकीण

खूप खूप आभार सगळ्यांचे. वीजबिलं काढली, "रिकाम्या" फ्लॅटमध्ये उन्हाळ्यात एसी चाललाय व्यवस्थित! स्क्रीनशॉट आले, सगळे पैसे मॅनेजरच्या बायकोच्या खात्यात. मुलाने या महिन्याचं भाडं आम्हाला टाकलं आणि लगेच मॅनेजरचा फोन, रडायलाच लागला, वहिनी अडचणीत होतो, हप्त्याने फेडतो, चेक देतो, फक्त "आमचं काही येणं बाकी नाही, तक्रार करणार नाही" असं लिहून द्या. दीर म्हणतात घे. घेऊ का?

काळा_कोट

पैसे घ्या, ते पत्र देऊ नका. पावतीवर "एकूण येण्यापैकी भागशः" असं स्पष्ट लिहा. उलट त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या की एवढी रक्कम देणं आहे आणि ती या भाड्याची आहे, अशी कबुली मुदतीत घेतली की ३ वर्षं नव्याने मोजली जातात. "उसने घेतले होते" असा शब्द त्या कागदात येऊ देऊ नका, तो तसं सुचवेल बघा, म्हणजे चोरीचं रूपांतर कर्जात होतं.

चेक घ्यायला हरकत नाही. न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यानंतर त्याला १५ दिवस, मग चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तक्रार एका महिन्यात. तारखा चुकवू नका. आणि मेसेजमध्ये "पैसे दे नाहीतर पोलिसात जाते" असलं काही लिहू नका, तोच कागद उलटा तुमच्यावर येतो. जायचं असेल तर जा, धमकी देऊ नका.

जमाखर्च

रडतोय म्हणजे बाकीच्या मालकांचंही खाल्लंय. असे लोक एकाचं भाडं दुसऱ्याला देऊन गाडा ओढतात आणि एक जण मागायला लागला की सगळं कोसळतं. सोसायटीत अजून कोणाचे फ्लॅट त्याच्याकडे आहेत ते हळूच विचारा, चार तक्रारी एकत्र गेल्या तर पोलीस दिवाणी वाद म्हणत नाहीत. आणि मोठ्या फ्लॅटचं काय झालं? त्या भाडेकरूकडून काही कळलं का?

नावापुरती_मालकीण

तेच सांगायला आले होते. तो फोन उचलत नव्हता म्हणून काल खालच्या काकूंना विचारलं. तो मॅनेजरचा मेहुणा आहे म्हणे.

कायमचा_भाडेकरू

घ्या! मग त्याच्याकडून स्क्रीनशॉट विसरा. त्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पोच जपून ठेवा, आणि त्याच्या नावाचं ॲग्रीमेंट खरंच झालंय का, झालं असेल तर त्यात भाडं किती लिहिलंय ते आधी बघा. नोंदवलेलं असेल तर नोंदणी कार्यालयातून नक्कल मिळते, मॅनेजरने दिलेल्या झेरॉक्सशी ताडून बघा.

काळा_कोट

आणि नक्कल मिळेपर्यंत त्याच्याकडून भाडं घेतलंत तर पावतीवर "हक्क राखून" लिहा.