शब्दचर्चा : 'कवाली', 'कव्वाली' आणि आपला 'कौल'

परभणी :
१४ एप्रिलच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला टाकली आहे. मी 'कवालीचा जंगी मुकाबला' असं लिहून दिलं, तर छापखान्यातल्या काकांनी 'कव्वाली' करून दिलं आणि म्हणाले, पोरा, शुद्ध लिहीत जा. आमच्या घरी आज्यापासून सगळे 'कवाली'च म्हणतेत. मग आम्ही इतकी वर्षं चुकीचं बोलायलो का? दुसरं असं की तुराबुल हक बाबांच्या उरुसात एक जण म्हणाले, हा शब्द 'कौल'वरून आला. कौल म्हणजे छपराचं कौल?

अंबाजोगाई :
छपराचं नाही. आपल्याकडं माळवदाची घरं, त्यामुळं ते कौल फारसं डोळ्यासमोर नसतं, पण लिंग पाहिलं की फरक लगेच कळतो. ते कौल, ती कौलं : हे छपराचं. तो कौल : हा वेगळा, अरबी 'कौल', म्हणजे बोल, वचन, उच्चारलेलं वाक्य.

हा पुल्लिंगी कौल मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला हे सांगावं लागतं. पडीक रान लागवडीला यावं म्हणून रयतेला सवलतीचं लेखी वचन द्यायचे, तो कौलनामा. पळून गेलेल्या माणसाला 'परत ये, त्रास होणार नाही' असा शब्द द्यायचे, तो अभयकौल. देवाला कौल लावतात, तिथं बोलणारा देव. मतमोजणी झाली की वर्तमानपत्रात 'जनतेचा कौल', तिथं बोलणारे आपण. सगळीकडं मुद्दा एकच : कुणीतरी शब्द दिलेला आहे. कव्वाल म्हणजे असा बोल म्हणणारा, म्हणत राहणारा.

आता 'व्व'. अरबीत एखादं काम नेहमी करणारा माणूस दाखवायला मधलं अक्षर दुहेरी करायची रीत आहे. हम्माल, दल्लाल, सर्राफ, बक्काल हे सगळे त्याच साच्यातले. मराठी तोंडानं त्यांचं काय केलं पाहा : हमाल, दलाल, सराफ, बकाल. 'हम्माल' लिहा असं कुणी आपल्याला सांगत नाही. त्याच चालीनं कव्वालचा कवाल झाला. ('अत्तार'नं मात्र जोडाक्षर सोडलं नाही.) छापताना 'कव्वाली' रूढ आहे, ते छापा. पण तुमचे आजोबा चुकत नव्हते. ते मराठीच्या सवयीनं बोलत होते.

खुलताबाद :
अंबाजोगाईच्या सरांच्या म्हणण्यात थोडी भर. कव्वालांमध्ये 'कौल' हे अजूनही एका प्रकाराचं वेगळं नाव आहे. 'मन कुन्तो मौला' हा सगळ्यांत प्रसिद्ध कौल. त्यात पैगंबरांचं वचन आहे आणि रचना अमीर खुसरोंच्या नावावर सांगतात. म्हणजे मूळ अर्थ अजून जिवंत आहे.

दर्ग्यात मात्र जुना शब्द 'समा'. त्याचा अर्थ ऐकणं. मला हे फार मोलाचं वाटतं : गाण्याच्या बैठकीला नाव दिलं ते ऐकणाऱ्याच्या कामावरून. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात दिल्लीहून सूफी संत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब इकडं आले. समाचे ते मोठे चाहते होते. १३३७ मध्ये ते वारले, कबर आमच्या गावात आहे. खुसरोंचे मित्र कवी अमीर हसन सिज्झी यांचीही कबर इथंच. निजामुद्दीनांचे बोल ऐकून लिहून ठेवणारे ते हेच. कव्वालीचं मूळ दिल्लीकडचं, पण मराठवाड्यानं ती शेजारीच ऐकली आहे, पार चौदाव्या शतकापासून.

नांदेड :
तरी पत्रिकेतला 'मुकाबला' दर्ग्यातून आलेला नाही. कव्वालीचा अर्थ बदलला तो ग्रामोफोनच्या तबकडीनं. (तबकडी हा शब्दही अरबीतलाच, हळदीकुंकवाचं तबक घेतो ना, तेच तबक.)

'जीनत' या १९४५ च्या चित्रपटात 'आहें न भरीं, शिकवे न किए' ही नुसत्या बायकांच्या आवाजातली कव्वाली आली : नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली, कल्याणी. पण घराघरात पोचली ती १९५८ ची, 'अल हिलाल'मधली इस्माईल आझाद यांची 'हमें तो लूट लिया मिल के हुस्नवालों ने'. संगीत बुलो सी. रानी यांचं. माझ्या वडिलांकडं तिची तबकडी होती. टाळ्या सुरू झाल्या की ओसरीवरची माणसं आपोआप पुढं सरकायची. 'लूट लिया' ऐकून कुणाला पीर आठवत नव्हता. तिथून पुढं लोकांच्या मनात कव्वाली म्हणजे प्रेमाची तक्रार, टाळ्या आणि समोरासमोरची चढाओढ. १९६० च्या 'बरसात की रात'नं ती चढाओढ पडद्यावर पक्की केली.

'तक्रार' मुद्दाम लिहिलं. अरबी 'तकरार' म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणणं, आणि कव्वालांच्या बोलीत एक ओळ घोळवत राहण्याला तकरारच म्हणतात. आपल्याकडं एकच गाऱ्हाणं घोळवणारा तो तक्रारखोर झाला. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. दर्ग्यात एका ओळीवर अर्धा तास रंगणाऱ्याला त्यात तकरार कुठून परवडणार? ओळ आटोपशीर झाली, मुखडा पहिल्या झटक्यात पकडेल असा झाला. माझ्या मते तबकडीचा सगळ्यांत टिकाऊ परिणाम हाच.

जालना :
ताई, पटलं, पण आमच्या जयंतीच्या मंचावर तकरार परत आली ना! तिथं घड्याळ कोण बघतो. बाबासाहेबांवरची एक ओळ लोकांनी तीनदा, चारदा मागून घ्यायची, बक्षीस पुकारायचं, बेंजोवाल्यानं ती पुन्हा उचलायची, कोरसनं टाळी धरायची. चाल तबकडीवरची, शब्द आपले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या गळ्यातून हा बाज मराठीत आला तेव्हा कुणाला परका वाटला नाही. चढाओढ तर आपल्याकडं आधीपासून होती : शाहिरांचा कलगी-तुरा होता, तमाशात सवाल-जवाब होते. 'मुकाबला' त्या तयार जागेवर येऊन बसला. आमच्या वस्तीत 'कवाली' म्हटलं की पहिल्यांदा भीमजयंतीच आठवते, उरूस नंतर. शब्दकोशात हा अर्थ वेगळा नोंदवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

अंबाजोगाई :
नोंदवायलाच हवा. आणि उदाहरणाच्या वाक्यात 'कवाली' असंच लिहावं, एका 'व'नं.

परभणी :
पत्रिका 'कव्वाली' अशी छापून आली, ती राहू देतो. काकांना हमाल-दलालचं सांगितलं, ते म्हणाले, मला लिहून दे. कमानीवरचं कापड अजून रंगवायचं आहे, त्यावर 'कवाली' टाकतो. आजा तिथंच खुर्ची टाकून बसणार आहे.