हॉलसाठी टीपॉय कुठल्या आकाराचा: गोल, लंबगोल की आयताकृती?

दिवाणखाना:
हॉलची रुंदी १० फूट. एका भिंतीला तीन सीटर सोफा: लांबी ७ फूट, खोली ३४ इंच, सीट जमिनीपासून १७ इंच. समोर १६ इंच खोल टीव्ही युनिट. बेडरूमकडे जायची वाट या दोघांच्या मधूनच आहे. घरात नुकतं धरून उभं राहायला लागलेलं बाळ आहे, म्हणून ३६ इंच व्यासाचा गोल टीपॉय करून घ्यायचं मनात आहे. सुताराला माप द्यायच्या आधी विचारतेय, गोलच बरा ना?

रंधा:
आकार नंतर, आधी वजाबाकी करा. १२० इंचांतून सोफ्याचे ३४ आणि युनिटचे १६ गेले, उरले ७०. सोफा आणि टीपॉयमध्ये १६ इंच सोडा. १४च्या खाली गुडघे अडतात, १८च्या वर कप ठेवायला दर वेळी उठल्यासारखं वाकावं लागतं. राहिले ५४. त्यात ३६चा गोल बसवला की युनिटच्या बाजूला १८ इंचच उरतात. तिथून अंग चोरून जावं लागेल, आणि युनिटचा खण उघडला की वाटच बंद. येण्याजाण्याला ३० इंच हवेत, म्हणजे टीपॉयची रुंदी २४च्या वर जाऊ देऊ नका.

२४ इंचांचा गोल ७ फुटी सोफ्यापुढे अगदीच तोकडा पडतो. लांबी साधारण सोफ्याच्या दोन तृतीयांश धरतात, इथे ४८ इंचांतही भागेल. माझं मत: लंबगोल, ४८ × २४, उंची १६ इंच.

गुण्या:
वजाबाकी पटली, लंबगोल नाही पटला. ४८ × २४च्या लंबगोलाची कड मध्यापासून १८ इंचांवर सुमारे ४ इंच आत गेलेली असते. मध्ये १६ इंच अंतर ठेवलं तर तिथे ते २० होतं, आणि सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला नेमकी तीच जागा लागते. त्यापेक्षा आयत घ्या आणि चारही कोपरे ४ इंच त्रिज्येने गोल करून घ्या. टोकदार कोपरा जातो, वरची जागा जवळजवळ सगळी राहते.

बाळासाठी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. वरून गोल दिसणाऱ्या फळीची धारसुद्धा कपाळाला लागते. १६ इंच उंची म्हणजे धरून उभ्या राहणाऱ्या मुलाची साधारण छाती; तोल गेला की तोंड धारेवरच येतं. म्हणून फळीची वरची आणि खालची, दोन्ही धारा गोलसर मारायला सांगा. काच नकोच.

दिवाणखाना:
प्लायवर सनमायका लावणार आहे. गोल कोपऱ्यावर कडेची पट्टी नीट बसेल का? आणि पाय कुठे घ्यायचे?

रंधा:
कोपऱ्यांबद्दल गुण्यांचं बरोबर आहे, तेच करा.

४ इंच त्रिज्येवर पीव्हीसीची पट्टी छान वळते. इंचभराच्या कोपऱ्यावर २ मिमीची जाड पट्टी वळवली तर ती सरळ व्हायला बघते आणि काही महिन्यांत सांधा उघडतो. हीट गनने गरम करून वळवायची, गार होईपर्यंत दाबून धरायची, आणि पट्टीचा जोड कोपऱ्यावर न घेता लांब बाजूच्या मध्यावर घ्यायचा. मात्र पीव्हीसीची धार फारशी गोल करता येत नाही. बाळाचा विचार करता प्लायला पाऊण इंच लाकडाची कड लावणं जास्त चांगलं. सरळ बाजूंना पट्ट्या आणि कोपऱ्यांना लाकडाचे वळणदार तुकडे जोडून ती होते. मजुरी वाढते, पण धार हवी तेवढी गोल मारता येते.

गुण्या:
पाय फळीच्या कडेपासून ३ इंच आत. अगदी कडेला घेतले तर जाता-येता पायाची बोटं आपटतात. फार आत घेतले तर बाळ टोकाला लोंबकळलं की टीपॉय कलंडतो. मधला एकच खांब तर या लांबीला घेऊच नका.

ऑर्डर द्यायच्या आधी १६ इंच उंचीचे खोके जोडून त्यावर ४८ × २४चा पुठ्ठा ठेवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. नुसता कागद जमिनीवर अंथरून गुडघ्यांचा अंदाज येत नाही. युनिटचे सगळे खण पूर्ण उघडून बघा, आणि हातात भरलेला ट्रे घेऊन बेडरूमपर्यंत जाऊन या. अडलात तर आधी रुंदी कमी करा, सोफ्याकडचे १६ इंच तसेच ठेवा.