पार्किन्सन्स आणि मेलाटोनिन

पार्किन्सन्स असलेल्या वडिलांना मेलाटोनिन (झोपेचे चक्र सांभाळणारे संप्रेरक) दिल्यास मेंदूच्या पेशींची झीज थांबेल का, हा आपला प्रश्न वाचला. झीज थांबते असे माणसांवरील चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. प्रयोगशाळेत दिसलेला अँटिऑक्सिडंट परिणाम ही वेगळी बाब आहे.

झोपेचे मात्र निराळे आहे. सोलापुरात आयुष्यभर चादरींच्या मागावर काम केलेले आमचे अण्णा झोपेत ओरडत, हातपाय झाडत. स्वप्नातली हालचाल प्रत्यक्ष अंगात उतरण्याच्या या विकारात, जो पार्किन्सन्समुळे हातांना कंप सुटण्यापूर्वी कित्येक वर्षे आधीही दिसू शकतो, झोपताना साधारण 3 ते 12 मिलिग्रॅम मेलाटोनिन वापरले जाते, आणि वृद्धांचा तोल व स्मृती बिघडवू शकणाऱ्या क्लोनाझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधापेक्षा ते बहुधा सौम्य ठरते. याउलट, स्मृतिभ्रंशामुळे झोपेचे चक्र विस्कटलेल्या वृद्धांना ते देऊ नये, याकडेच अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांचा कल आहे. तेथे प्रकाशोपचार सुचवलेला आहे. (आपल्या सोलापुरात सकाळच्या उन्हाची टंचाई नाही.)

पूरक म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कॅनडातील 31 उत्पादनांच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत प्रत्यक्ष मात्रा लेबलपेक्षा 83 टक्के कमी ते 478 टक्के जास्त आढळली होती. वडिलांना वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) किंवा फ्लुव्हॉक्सामिन (नैराश्यावरचे औषध) चालू असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय पहिली गोळीही देऊ नये.